आनंद वाटत नाही, म्हणजे विश्वास आटला का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, घरात शाळेत जाणारी दोन मुलं आणि थकलेल्या सासूबाई. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला येतात, प्रार्थना करतात आणि उठताना 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वचन देऊन जातात. ताई लिहितात, 'देवाचं प्रेम खरं आहे हे मी मानते. पण आनंद म्हणतात तो काही वाटत नाही. माझा विश्वास आटला का? हे पाप आहे का? आणि पुढच्या महिन्यात महिला सभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सर्वांसमोर सांगायला, सांगितलंय, तिथे काय बोलू?'

ताई, सलाम. हे पाप नाही आणि तुमचा विश्वासही आटलेला नाही. विश्वास आटलेलं माणूस 'मला देवाच्या प्रेमाचा आनंद का वाटत नाही' म्हणून झोप घालवत नाही, ते विषयच बंद करतं. पाळक म्हणून माझी बरीच वर्षं दवाखान्यांच्या वॉर्डांत गेली. हा प्रश्न मला आजाऱ्यांपेक्षा त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांनी जास्त विचारला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या वचनाचं बघू. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, चौथं वचन. ते लिहिताना प्रेषित पौल बेड्यांत होता. म्हणजे कैदेतल्या माणसानं बाहेरच्यांना 'आनंद करा' म्हटलं आहे. बाहेरच्यांनी कैद्याला भेटून, चहा घेऊन, चपला घालता घालता म्हटलेलं ते वचन नाही. ही दिशा उलटली की तेच वचन टोचायला लागतं. सुखरूप माणसानं दुःखी घरात शिरताना काय करावं, याबद्दल पौलानंच रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सांगून ठेवलंय: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर फारसं छापलेलं दिसत नाही.

आणखी एक. त्याच फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकिकत आहे. मंडळीनं पौलाला मदत घेऊन पाठवलेला हा भाऊ इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. पौल लिहितो, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. शिवाय त्याला लवकर परत पाठवतो, म्हणजे माझी काळजी कमी होईल, असंही म्हणतो. 'सर्वदा आनंद करा' लिहिणाऱ्या माणसाला आजारी मित्राची धास्ती होती, तो गेला असता तर आपण कोलमडलो असतो हे माहीत होतं, आणि ते त्यानं मंडळीपासून लपवलं नाही. तुम्हाला चौथा अध्याय ऐकवणाऱ्यांना एकदा दुसरा वाचायला सांगा. भांडायला नको, नुसतं वाचायला सांगा.

मग हा आनंद असतो तरी कसला? स्तोत्र ३१ उघडा. दावीद राजाच्या नावावरचं हे स्तोत्र माझ्या मते तुमच्या प्रश्नासाठीच लिहिलेलं आहे. सातव्या वचनात तो म्हणतो की तुझ्या वात्सल्यानं मी हर्ष करीन. त्याचं कारण काय देतो ते बघा: तू माझं दुःख पाहिलंस, माझ्या जिवाची तगमग तुला कळली. पुढच्या वचनात एका जुन्या सुटकेची आठवण आहे. आणि लगेच नवव्यात रडणं सुरू: माझ्यावर दया कर, मी संकटात आहे, शोकानं माझे डोळे गेले. दहाव्यात आयुष्य उसासे टाकण्यात चाललंय. अकराव्यात ओळखीचे लोक रस्त्यात बघून वाट बदलतात. बाराव्यात तो स्वतःला फुटकं भांडं म्हणतो. हर्ष आणि रडणं यांच्यात दोन वचनांचं अंतर आहे, ताई, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी. याच स्तोत्रातलं पाचवं वचन, 'माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो', येशूनं वधस्तंभावर प्राण सोडताना म्हटलं. म्हणजे हे स्तोत्र सुखाच्या दिवसांत पाठ करून ठेवायचं आणि दुःखात विसरायचं अशातलं नाही.

'तू पाहिलंस' या कारणाशी जरा थांबतो, कारण आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईला कुणी पाहत नाही. फोन येतो तो 'ते कसे आहेत?' विचारायला. डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मांडीवर फाईल, पायाशी डब्याची पिशवी, आत जातानाचं वजन आणि बाहेर येतानाचं वजन वहीत लिहिलेलं. पाणी दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आणि ते पाळायला लावणं बायकोच्या वाट्याला. एक बाई मला म्हणाल्या, 'पाळकसाहेब, मी बायको राहिलेच नाही, पोलीस झालेय.' त्यांचा नवरा अंघोळीच्या निमित्तानं मोरीत जाऊन नळाचं पाणी प्यायचा. दोन डायलिसिसच्या मधे वजन भलतंच वाढलं की पकडला जायचा, मग दोघांचं कडाक्याचं भांडण. एका संध्याकाळी कुटुंब प्रार्थनेत त्या डोळे मिटून म्हणाल्या, 'प्रभू, आज ह्यांनी पुन्हा चोरून पाणी प्यायलं. तू तर मोरीतही होतास. मला का नाही हाक मारलीस?' नवरा आधी खजील झाला, मग हसायला लागला, मग त्याही हसल्या. मी तिथेच बसलो होतो. आजार तसूभर हलला नव्हता. पण त्या घरात कुणाला तरी सगळं दिसतंय, मोरीतलंसुद्धा, हे त्या बाईंना त्या घटकेला पक्कं ठाऊक होतं. मी ज्याला आनंद म्हणतोय तो साधारण एवढ्याच आकाराचा असतो. सभेत टाळ्या वाजवून दाखवण्याजोगा तो नसतो, म्हणून आपण त्याला मोजतही नाही.

आता एक गाठ सोडवू, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. आपण नकळत देवाचं प्रेम रिपोर्टवरून वाचायला लागतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, कमी आलं की 'देव किती चांगला', वाढलं की गप्प. डायलिसिसवरच्या माणसाचं क्रिएटिनिन प्रत्येक डायलिसिसनंतर उतरतं आणि पुढच्या वेळेपर्यंत चढतं. या हिशेबानं देवाचं प्रेम आठवड्यातून तीनदा भरती-ओहोटी करतंय! रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला तोडू न शकणाऱ्या गोष्टींची यादी देतो: क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. ही संकटं विश्वासणाऱ्यावर येणारच नाहीत असं तो म्हणत नाही. ती येतील हे धरून चालूनच यादी केली आहे. प्रेमाचा पुरावा त्यानं वेगळीकडे ठेवलाय, त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. तो पुरावा कालचाही आहे आणि उद्याच्या रिपोर्टनंतरचाही.

म्हणून आजाराबद्दल आभार मानायची सक्ती स्वतःवर करू नका. आजार हा आजारच आहे. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेशी येशू रडला, आणि थोड्या वेळानं आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असून रडला. शेवट गोड होणार म्हणून आत्ताचं रडणं खोटं, असं त्यानं मानलं नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढणं भाग आहे, पण जपून. त्या तरुण असतानाच दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा पटकीनं गेला, तेव्हा लेक मनोरमा मांडीवर होती. पुढे केडगावला त्यांची 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथे सावरल्या, छापखाना बायकांनी चालवला, आणि रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराला वर्षानुवर्षं बसल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, ज्या मुलीच्या हाती हे सगळं सोपवायचं होतं तीच. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई स्वतः गेल्या. देवाच्या प्रेमानं त्यांचं एकही मरण थोपवलं नाही. आणि तरी मनोरमेच्या मरणानंतरही त्या त्याच देवाच्या कामावर परत बसलेल्या दिसतात. 'रमाबाईंनी एवढं सोसलं, तुमचं काय मोठंसं' असं कुणी म्हणालं तर मात्र त्या माणसाला माझ्याकडे पाठवा. ज्या बाईनं आयुष्यभर बायकांची गाऱ्हाणी ऐकून घेतली, तिच्या नावानं कुणाचं तोंड बंद करू नये.

गाऱ्हाण्यावरून आठवलं. देवाकडे तक्रार करायची आपल्या लोकांना भलतीच धास्ती वाटते, आणि हे मराठी माणसाला शोभत नाही. तुकोबांनी विठ्ठलाशी उभा दावा मांडला, त्याला नाही नाही ते बोलले. दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि आपल्या मंडळ्यांतून गायली जाणारी त्यांची कितीतरी गीतं त्याच अभंगाच्या वळणाची आहेत. ती चाल आपण घेतली, भांडण्याची मुभा मात्र पुलापलीकडे टाकून आलो. खरं तर ती पवित्र शास्त्रातही भरपूर आहे. विलापगीत वाचा. यरुशलेम बाबेलच्या सैन्यानं जाळलं, इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास, त्यानंतरचं हे रडणं. 'त्याची दया रोज सकाळी नवी होते' हे वचन त्यातलंच, तिसऱ्या अध्यायातलं. लोक तेवढंच फ्रेम करून लावतात. त्याच्या आधीची वीस वचनं कुणी फ्रेम करत नाही. तिथे देव दबा धरून बसलेलं अस्वल आहे, त्यानं माझे दात खड्यांनी मोडले, माझी प्रार्थना बाहेरच अडवली, असं तो कवी उघड लिहितो.

या पुस्तकाची बांधणी पाहिली तर मला तरी धीर येतो. पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेवर बांधलेले आहेत. बावीस अक्षरं, पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येक अक्षराचं एक कडवं, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराची तीन वचनं, म्हणून तो ६६ वचनांचा. म्हणजे कवीनं दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एकही न गाळता, मोजून सांगितलं. आशेचं वचन पुस्तकाच्या शेवटी नाही, ऐन मध्यावर आहे. त्याच्यानंतर पुन्हा रडणं, पुन्हा उपासमार, आणि शेवटच्या वचनात 'तू आम्हाला अगदीच टाकलंस का?' अशी शंका. तेव्हा मंगळवारी तुम्हाला देवाचं प्रेम जवळ वाटलं आणि गुरुवारी काहीच वाटलं नाही, तर मंगळवार खोटा ठरत नाही. शास्त्रातलं एक अख्खं पुस्तक तसंच आहे.

आता तुम्ही रोज काय करायचं ते. नव्या उपासनेचं ओझं मी तुमच्यावर टाकणार नाही. 'पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करा' हा सल्ला देणाऱ्याला पहिल्या शिफ्टचं डायलिसिस म्हणजे काय ते माहीत नसतं. स्तोत्र १३ घ्या. सहा वचनांचं आहे, चहा उकळेपर्यंत वाचून होतं. पहिल्या दोन वचनांत 'किती वेळ' हा प्रश्न चारदा आहे. दोन मिनिटं असतील तर तेवढाच प्रश्न स्वतःच्या शब्दांत देवाला विचारा, मोठ्यानं, भांडी घासताना चालेल. शेवटची दोन वचनं, वात्सल्यावर भरवसा आणि गाणं, ज्या दिवशी ओठांवर येतील त्या दिवशी म्हणा. येत नसतील तर ती तिथेच राहू द्या, पळून जात नाहीत. रात्री झोपताना दिवसभरातली एक गोष्ट देवाला सांगा जी दुसऱ्या कुणीही पाहिली नाही. चांगलीच असली पाहिजे असं नाही. धाकट्यानं न सांगता बाबांचं अंथरूण घातलं, ही चालेल. सासूबाईंवर उगाच ओरडले, हीपण चालेल. स्तोत्र ३१ चं सातवं वचन वापरायचं ते असं.

ज्या दिवसांत प्रार्थना निघतच नाही, त्या दिवसांत दुसऱ्यांच्या प्रार्थनेवर राहा. मार्काच्या शुभवर्तमानात चार जणांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि लिहिलंय की येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, याची तिथे चौकशी नाही. फक्त बाज उचलणाऱ्यांना काम नेमून द्या. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे लोक वाईट नसतात, त्यांना सुचत नसतं. बुधवारी सेंटरवर तुमच्याऐवजी कोण बसेल, मुलांचा गणिताचा अभ्यास कोण घेईल, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोण नेईल, हे नाव घेऊन सांगा. देवाचं प्रेम तुमच्यापर्यंत पोचायच्या वाटांत मोटारसायकलवर आलेला मंडळीतला एखादा पोरगाही असतो. कागदपत्रंही असतात: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशनकार्ड घेऊन भेटा. अजून भेटला नसाल तर प्रार्थनेआधी हे करा.

दोन गोष्टी मात्र कडक शब्दांत सांगतो. पहिली: 'विश्वासानं बरे झालात, आता मशीन बंद करा' असं कुणी म्हणालं, तो कितीही मोठा सेवक असला, तर त्याला दारातूनच सलाम करा. डायलिसिस चुकलं की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. देवाला बरं करायचं असेल तर ते मशीन चालू असतानाही करता येतं आणि ते डॉक्टरांच्या तपासणीत दिसेल. तोवर एकही डायलिसिस चुकवायचं नाही.

दुसरी तुमच्याबद्दल. आठवड्यामागून आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, किंवा 'मी नसलेलं बरं' असा विचार येतो, तर हा आनंदाचा किंवा विश्वासाचा प्रश्न उरलेला नाही, तो डॉक्टरांना दाखवायचा आजार आहे. तुमच्या नवऱ्याच्या किडनीला आपण पश्चात्ताप करायला सांगत नाही, तसंच हे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून 'आता माझा प्राण घे' म्हणाला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून जेवू घातलं. बोलणं त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर. हा क्रम पाळायला आम्हा पाळकांनाही शिकायला हवं.

नवऱ्याबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, पण एक विचारतो. तुम्ही त्यांच्यासमोर कधी रडलात का? बहुतेक घरांत बायको स्वयंपाकघरात रडते, नवरा मशीनवर डोळे मिटून रडतो, आणि एकमेकांसमोर दोघं हवापाण्याचं बोलतात. स्तोत्र १३ दोघांनी मिळून वाचा. चार वेळा येणारे 'किती वेळ' दोन त्यांनी, दोन तुम्ही. पुढचं आपोआप निघेल, किंवा काही दिवस निघणार नाही.

राहिली साक्ष. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, सेक्रेटरीबाईंना राग आला तर येऊ दे. द्यायची असेल तर 'देवानं मला दुःखात आनंद दिला' हे वाक्य खरं झाल्याशिवाय म्हणू नका. सभेत तुमच्यासारखी दुसरी एखादी बसलेली असेल, ती ते ऐकून आणखी एकटी पडेल. उभ्या राहा, स्तोत्र ३१ ची सात ते बारा वचनं सावकाश वाचा, नवऱ्याचं डायलिसिस कोणत्या वारी असतं ते सांगा, त्या वारी कोण येऊ शकेल असं विचारा, आणि खाली बसा. हात वर आले तर नावं तिथल्या तिथे लिहून घ्या. सभा संपली की लोक विसरतात.